इंजिनाची ऊब

शेगडीत एक किलो कोळसा जाळला, तर त्या कोळशात असेल तेवढीच उष्णता हाती लागते, आणि तिच्यातलीही बरीच धुराबरोबर निघून जाते. तोच कोळसा वाफेच्या इंजिनाखाली जाळला आणि त्या इंजिनाला बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात आणायच्या कामाला लावलं, तर शेगडीच्या तिप्पट ऊब मिळू शकते. १८५२ साली ग्लासगोत विल्यम थॉमसन नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या प्राध्यापकानं हे गणित मांडलं. पुढे जग त्याला लॉर्ड केल्विन म्हणून ओळखू लागलं.

माझं सगळं आयुष्य रेफ्रिजरेशनच्या धंद्यात गेलं. दूध शीतकरण केंद्रं, बर्फाचे कारखाने, बटाट्याची कोल्ड स्टोअरेज, म्हणजे जिथे जिथे अमोनियाचा प्लँट असतो तिथे मी गेले आहे. आमच्या धंद्यात थंड करणारं यंत्र आणि गरम करणारं यंत्र असे दोन प्रकार नसतातच. फ्रिज आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. तीच जाळी घरात आणि गार बाजू बाहेर केली की झाला हीट पंप. हे मला शिकताना कळलं होतं. पण या यंत्राची कल्पना निघाली तेव्हा ते फिरवायला विजेची मोटर कुणाच्या डोक्यात नव्हती, इंजिन होतं, हे फार उशिरा कळलं. तेव्हापासून इंजिनवर चालणाऱ्या हीट पंपाचा इतिहास मी जमेल तिथून गोळा करत आले आहे.

थॉमसनचं यंत्र कागदावर फार सुबक दिसतं. दोन सिलिंडर आणि मधे एक मोठी टाकी. पहिला सिलिंडर बाहेरची हवा घेतो आणि तिला प्रसरण पावू देतो. त्यामुळे ती बाहेरच्या हवेपेक्षाही गार होते. ही गार, विरळ हवा टाकीत थांबते आणि टाकीच्या पत्र्यातून बाहेरची उष्णता तिच्यात शिरत राहते. मग दुसरा सिलिंडर तिला दाबून पुन्हा नेहमीच्या दाबावर आणतो. दाबताना ती तापते आणि तशीच खोलीत सोडली जाते. उष्णतेची चढण थोड्याच अंशांची असेल, तर आदर्श यंत्र एक भाग कामाच्या बदल्यात तीसहून जास्त भाग उष्णता वर चढवून देतं. त्या काळचं चांगलं वाफेचं इंजिनही कोळशातल्या उष्णतेच्या जेमतेम दहाव्या हिश्शाचं काम करायचं. एवढी नासाडी धरूनही हिशेब शेगडीच्या तिप्पट निघत होता.

याच यंत्रानं उलट्या क्रमानं खोली थंडही करता येते, हे थॉमसननं तेव्हाच सांगितलं होतं. त्याच सुमारास स्कॉटलंडचा राजखगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ उष्ण देशांतल्या घरांची हवा कशी थंड करावी यावर लिहीत होता. उष्ण देश म्हटलं की तेव्हाच्या ब्रिटिशांच्या डोळ्यांपुढे हिंदुस्थान आलाच. युरोपातली घरं गरम करायचा विचार आणि आपल्याकडच्या साहेबांचे बंगले गार करायचा विचार एकाच काळात, एकाच वर्तुळातल्या माणसांच्या डोक्यात चालला होता.

घर गरम करायला मात्र हे यंत्र कुणी बांधलं नाही. चार वर्षांनी, १८५६ च्या आसपास, ऑस्ट्रियातल्या एबेन्झे इथल्या मिठागरात पीटर फॉन रिटिंगर यानं वाफ दाबून तिच्याच उष्णतेवर खारं पाणी आटवण्याचा प्रयोग केला. त्याचा कॉम्प्रेसर पाण्याच्या चाकावर फिरत होता, आणि त्याला मीठ हवं होतं, घराची ऊब नव्हे. त्यानंतर बराच काळ या बाजूला सामसूम राहिली. कोळसा स्वस्त होता आणि शेगडीला देखभाल लागत नव्हती.

विसाव्या शतकात हीट पंप पुन्हा वर आला तो विजेच्या मोटरीबरोबर. १९२० च्या दशकात हॉल्डेन या इंजिनिअरनं स्कॉटलंडमधल्या आपल्या घरात असं यंत्र बसवून पाहिलं. झुरिकच्या राटहाउसला, म्हणजे तिथल्या सभागृहाच्या जुन्या इमारतीला, १९३८ पासून लिमाट नदीच्या पाण्यातली उष्णता मिळू लागली. ते यंत्र एशर व्हिस कंपनीचं होतं आणि २००१ पर्यंत चाललं. मी रोज मशिनं पाहणारी बाई आहे, तरी त्रेसष्ट वर्षं हा आकडा वाचला तेव्हा मी थांबले. १९४५ मध्ये नॉर्विच शहरात जॉन समनर यानं वेन्सम नदीच्या पाण्यावर वीज खात्याची इमारत तापवली. युद्धामुळे नवं सामान मिळत नव्हतं, म्हणून त्यानं वापरलेलं सामान जमवलं, आणि गॅस म्हणून सल्फर डायऑक्साइड वापरला. नाकाला झोंबणारा, फुप्फुसं जाळणारा तो वायू. त्या माणसाच्या हिमतीला माझा नमस्कार.

मोटरच का जिंकली, हे कळायला कॉम्प्रेसरच्या एका लहानशा भागाकडे बघावं लागतं. त्याला शाफ्ट सील म्हणतात. घरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर म्हणजे चहूबाजूंनी वेल्डिंग केलेला लोखंडी गोळा. मोटर आणि कॉम्प्रेसर दोन्ही त्याच्या आत, गॅसही आत, ऑइलही आत. बाहेर येतात त्या फक्त विजेच्या वायरी. गॅसला पळायला वाट नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस असे बंद फ्रिज घरोघरी जाऊ लागले आणि मग वर्षानुवर्षं कुणी त्यांना हात लावायची गरज उरली नाही. इंजिन मात्र त्या गोळ्यात कोंडता येत नाही. त्याला हवा लागते, त्याला धूर सोडावा लागतो. म्हणून ते बाहेर उभं राहतं आणि त्याची ताकद कॉम्प्रेसरच्या पोटात न्यायला कवचाला भोक पाडून शाफ्ट बाहेर काढावा लागतो. आत वातावरणाच्या कितीतरी पट दाब, बाहेर मोकळी हवा, आणि मधे मिनिटाला हजारदीड हजार फेरे मारणारा शाफ्ट. त्या भोकाशी गॅस अडवतात ते दोन घासून गुळगुळीत केलेले चकत्यांचे चेहरे, एक कार्बनचा, एक पोलादाचा, आणि त्यांच्यामध्ये ऑइलचा एक पापुद्रा.

आमच्या अमोनिया प्लँटवर सगळे कॉम्प्रेसर याच जातीचे. सीलखाली एक बारकी नळी असते, तिच्यातून ऑइलचा थेंब अधूनमधून पडायलाच हवा. अजिबात पडत नसेल तर चेहरे कोरडे चालले आहेत. भराभर पडत असतील तर सील गेलं. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी तिथे उभं करायची आणि थेंब मोजायला लावायची. प्लँटवर पाळीला ऑपरेटर असतो, तो थेंब बघतो. घरात थेंब कोण बघणार? इंजिनवरच्या हीट पंपाची पुढची सगळी कहाणी या एका प्रश्नात आहे असं मला वाटतं.

१९५१ च्या मे महिन्यात लंडनला थेम्सच्या दक्षिण काठावर रॉयल फेस्टिव्हल हॉल उघडला. युद्धानं पिचलेल्या देशाला उभारी देण्यासाठी भरवलेल्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमधली ही कायमची वास्तू. तिला ऊब देण्यासाठी थेम्सच्या पाण्यावर चालणारा हीट पंप बसवला होता, आणि तो शहराच्या नळातून येणाऱ्या कोळशाच्या गॅसवर चालत होता. इंजिन रोल्स-रॉइसच्या मर्लिन घराण्यातलं. मर्लिन म्हणजे स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांचं इंजिन. युद्ध संपलं, तेव्हा अशा इंजिनांचं आणि ती समजणाऱ्या हातांचं काय करायचं हा प्रश्न होताच. त्यातलं थोडं बळ नदीतली ऊब उपसून गाण्याच्या मैफलीत नेण्याच्या कामी आलं, हे मला फार आवडतं. हिवाळ्यात हॉल गरम, उन्हाळ्यात उलट फिरवून गार, थॉमसननं सांगितलं होतं अगदी तसं.

यंत्र चाललं, म्हणजे तांत्रिक अर्थानं चाललं. पण हॉलच्या गरजेपेक्षा ते फार मोठं निघालं. हजारो श्रोते आणि दिवे स्वतःच सभागृह तापवतात. मोठं यंत्र थोड्या कामासाठी चालवणं कुठल्याही हिशेबात बसत नाही, आणि पुढे ते काढून टाकलं गेलं. इंग्लंडच्या इंधन टंचाईच्या त्या वर्षांत या यंत्राकडून फार आशा होती. ती अशा कारणानं विरावी याची मला आजही हळहळ वाटते, कारण दोष तत्त्वात नव्हता, मापात होता.

आता थोडं माझ्या घराबद्दल, कारण त्याशिवाय मला हे यंत्र एवढं का भावलं ते सांगता येणार नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, कराडच्या बाजूला कृष्णाकाठच्या गावांमधून ऑइल इंजिनाचे मिस्त्री म्हणून फिरायचे. विहिरीवर किर्लोस्कर नाहीतर कूपर, आणि त्याच्या जिवावर ऊस. रात्री दाराशी सायकल थांबायची आणि हाक यायची, “मिस्त्री, चला की, इंजिन धरंना झालंय. भरणं अर्ध्यावर ऱ्हायलंय.” आप्पा पिशवी उचलायचे. पिशवीत पाने, नोझल, पिस्टनच्या रिंगा, तांब्याच्या वॉशरी, चिंध्या. डिझेलच्या नळीत हवा धरली असेल तर स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल गाळायचं. नोझल बाहेर काढून फवारा बघायचा; धार पडली तर नोझल गेलं, धुकं उडालं तर बरं. मग हाफ कॉम्प्रेशनची लिव्हर उचलून हँडल मारायचा, वेग आला की लिव्हर सोडायची.

त्या इंजिनाला थंड ठेवायला रेडिएटर नव्हता. पंपाच्या डिलिव्हरीतून एक बारीक नळी काढून विहिरीचं पाणी इंजिनाच्या जॅकेटमधून फिरवायचं आणि पाटात सोडायचं. बाहेर पडणारं पाणी चांगलं कढत असे. पौष महिन्यात, गवतावर दव गोठल्यासारखं दिसायचं तेव्हा, आम्ही पोरं त्या नळीखाली बसून आंघोळ करायचो, आणि बायका धुण्याचे पिळे घेऊन तिथेच यायच्या. आप्पा इंजिन तपासताना शेवटी त्या पाण्याखाली हात धरत. हात ठेवता आला पाहिजे, पण फार वेळ ठेवून राहवलं नाही पाहिजे, ही त्यांची खूण. त्याहून गार असेल तर इंजिन डिझेल वाया घालवतंय, त्याहून कढत असेल तर जॅकेटमध्ये क्षार साचलेत.

डिझेल इंजिन जेवढं इंधन पितं त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचं काम करतं. बाकीची उष्णता जॅकेटच्या पाण्यात आणि धुराड्यात जाते. विहिरीवर आम्ही पोरं जिच्यात आंघोळ करत होतो ती हीच. मोठ्या वीज केंद्रातही अशीच नासाडी होते, पण तिथली उष्णता नदीत किंवा कूलिंग टॉवरमधून हवेत जाते, घरापासून कोसभर लांब. इंजिन घराच्या भिंतीला टेकून उभं असेल तर ती नासाडी घरातच वळवता येते. हिशेब असा. शंभर भाग गॅस जाळला, इंजिननं त्याचे तीस भाग काम केलं, हीट पंपानं त्या कामाच्या तिप्पट म्हणजे नव्वद भाग उष्णता घरात सोडली, आणि जॅकेट व धूर यांतून पन्नास भाग वाचवले. शंभरचे एकशे चाळीस झाले. त्या काळचा बॉयलर शंभरातले सत्तर-ऐंशी द्यायचा. वीज केंद्रात तेच इंधन जाळून, तारेनं वीज आणून मोटरवर हीट पंप चालवला तर शंभराचे शंभरच्या आसपास. शिवाय कडाक्याच्या थंडीत, बाहेरून ऊब आणणं सगळ्यात अवघड होतं तेव्हाही इंजिनाचे ते पन्नास भाग कमी होत नाहीत. बाहेरच्या जाळीवर बर्फ धरला तर तो वितळवायला हीच ऊब कामी येते, घराची ऊब काढून घ्यावी लागत नाही.

आप्पा थकल्यावर, एका संध्याकाळी अंगणात बसून, मी त्यांना हे सगळं समजावून सांगितलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “म्हंजे पाण्याची ऊब मिळंल, धुराची मिळंल, वर भायेरची मिळंल. झ्याक हाय. पर ऑइल कोण बदलनार गं?”

१९७३ च्या तेलसंकटानंतर युरोप आणि अमेरिकेत हेच एकशे चाळीस लोकांच्या नजरेत भरले. पश्चिम जर्मनीत १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पोहण्याचे तलाव, शाळा, घरांच्या वसाहती अशा ठिकाणी गॅस इंजिनावरचे हीट पंप बसू लागले. मोटारीच्या इंजिनावरून घडवलेली इंजिनंही त्यांत होती. आणि इथेच आप्पांच्या प्रश्नाचा फटका बसला. थंड देशात घराचं हीटिंग वर्षाला तीन-चार हजार तास चालतं. चार हजार तास म्हणजे ताशी पन्नासच्या वेगानं मोटार पळवली तर दोन लाख किलोमीटर, तेही एका वर्षात. मोटारीच्या हिशेबानं त्यात वीसेक वेळा ऑइल बदलायला हवं, प्लग बदलायचे, टॅपेट लावायचे. एका तलावासाठी नगरपालिका फिटर ठेवू शकते. एका कुटुंबाला ते परवडत नाही. १९८६ मध्ये तेल कोसळलं आणि उरलासुरला उत्साहही मावळला. शिवाय तोवर नवे कंडेन्सिंग बॉयलर शंभरातले नव्वदहून जास्त भाग देऊ लागले होते, कुठलंही इंजिन न फिरवता.

अमेरिकेनं मात्र खरोखरच एका घरासाठी यंत्र बनवायचा ध्यास घेतला. गॅस रिसर्च इन्स्टिट्यूटचा पैसा, ओहायोतल्या बॅटेल प्रयोगशाळेचं संशोधन, गवत कापायच्या मशिनांच्या इंजिनांसाठी घरोघरी माहीत असलेल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एक सिलिंडरचं खास इंजिन, आणि यॉर्क कंपनीचं रेफ्रिजरेशन. १९९४ मध्ये ‘ट्रायथलॉन’ नावानं तो हीट पंप बाजारात आला. तीन टनांचा, म्हणजे एका मध्यम घराला पुरेल एवढा. थंडी कमी-जास्त होईल तसं इंजिन आपला वेग कमी-जास्त करायचं. मोटरवरच्या यंत्रांत ही सोय तेव्हा दुर्मिळ होती. ऑइल आणि प्लगची पाळी हजारो तासांवर नेली होती, म्हणजे वर्षातून एकदा माणूस आला की पुरे. इंजिनिअरिंग म्हणून मी याला पैकीच्या पैकी गुण देईन.

तरी काही वर्षांतच तो बंद झाला. किंमत जास्त होती, हे आहेच. मला दिसतं ते दुसरं कारण धंद्याचं आहे. अमेरिकेत एसी दुरुस्त करणारा माणूस गॅस भरणं जाणतो, वायरिंग जाणतो, पण व्हॉल्व्हचं अंतर त्यानं कधी लावलेलं नसतं. इंजिनाचा मेकॅनिक व्हॉल्व्ह जाणतो, पण रेफ्रिजरंटला हात लावायचा परवाना त्याच्याकडे नसतो. दोन्ही येणारा माणूस प्रत्येक गावात हवा होता, आणि थोड्याशा यंत्रांसाठी तसा माणूस कोण तयार करणार? माझ्या प्लँटवरही मला हेच दिसायचं. डिझेल जनरेटरचा फिटर वेगळा, कॉम्प्रेसरचा वेगळा, आणि दोघांच्या मधल्या कपलिंगला वाली नाही.

जपाननं हा तिढा सोडवला. सुरुवात तिथेही १९७० च्या दशकातल्या तेलाच्या धक्क्यानं झाली, पण जपानला आणखी एक अडचण होती. उन्हाळ्यात दुपारी सगळे एसी एकदम सुरू व्हायचे आणि वीज कमी पडायची. त्याच वेळी गॅस कंपन्यांचा गॅस मात्र पडून राहायचा, कारण गॅस खपतो थंडीत. गॅसवर चालणारा एसी विकला तर दोन्ही बाजूंची सोय होणार होती. टोकियो गॅस, ओसाका गॅस, तोहो गॅस या कंपन्या इंजिन बनवणाऱ्यांबरोबर बसल्या, सरकारनं पाठबळ दिलं आणि १९८७ पासून यंत्रं बाजारात आली. लहान डिझेल इंजिनांसाठी जगभर नावाजलेली यानमार, मोटारीचे भाग बनवणारी आयसिन, सान्यो, मित्सुबिशी, काही काळ यामाहासुद्धा. तिथे सगळे त्याला जीएचपी, म्हणजे गॅस हीट पंप, म्हणतात.

त्यांचं खरं कौशल्य मला इंजिनापेक्षा करारात दिसतं. यंत्र विकतानाच देखभालीचा करार व्हायचा. इंजिनाच्या तळाशी ऑइलची भलीमोठी टाकी ठेवून ऑइल बदलायची पाळी लांबवली. आता साधारण दहा हजार तास किंवा पाच वर्षं झाली की मोठी देखभाल, आणि तीस हजार तास किंवा तेरा वर्षं हे यंत्राचं ठरलेलं आयुष्य. दहा हजार तास ही गोष्ट इंजिनाच्या माणसाला विचारा. आप्पांच्या काळी अडीचशे तासांनी ऑइल काळं व्हायचं.

माझी भाची उत्तर जपानात, साप्पोरोला असते. तिच्या मुलाच्या शाळेमागे अशी युनिटं ओळीनं उभी आहेत. बर्फात बुडू नयेत म्हणून माणसाच्या कमरेएवढ्या लोखंडी घोडीवर चढवलेली. दहा पावलांवर उभं राहिलं तर आवाज कळतच नाही. जवळ गेलं की पत्र्याच्या आत मंद घरघर, आणि वरच्या नळीतून पांढरी वाफ. मी तिथे असताना देखभालीचा माणूस आला होता. भाचीनं मधे बोलून मला त्याच्या शेजारी उभं राहायची परवानगी मिळवून दिली. त्यानं पत्रा उघडला. तीन सिलिंडरचं इंजिन, त्याच्या पुलीवरून पट्टा, पट्ट्यावर स्क्रोल कॉम्प्रेसर. आधी तास मोजणाऱ्या मीटरचा आकडा लिहून घेतला. प्लग काढून एका फडक्यावर क्रमानं मांडले, प्रत्येकाचं टोक बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पट्टा अंगठ्यानं दाबला. धुरातून निघणारं पाणी आम्लयुक्त असतं, ते संगमरवराच्या खड्यांनी भरलेल्या डब्यातून गाळून सोडतात. ते खडे झिजले होते, त्यानं नवे भरले. शेवटी ऑइल काढलं. गरम होतं, काळसर पण पातळ, आणि त्यानं ते बोटांवर घेऊन चोळून पाहिलं, अगदी आप्पा चोळायचे तसं. सगळं पुन्हा बसवून त्यानं दाराच्या आतल्या कागदावर तारीख आणि तास लिहिले. त्या कागदावर यंत्र बसवल्यापासूनच्या सगळ्या नोंदी होत्या, वेगवेगळ्या हातांच्या.

जपानमध्येही ही यंत्रं घराघरांत गेली असं नाही. घरांसाठीची लहान मॉडेल निघाली, पण मोठा खप झाला तो शाळा, दुकानं, कचेऱ्या, दवाखाने यांच्याकडून. एका कुटुंबाच्या घराला २००१ पासून कार्बन डायऑक्साइडवर चालणारे पाणी तापवायचे विजेचे हीट पंप मिळू लागले आणि त्यांनी बाजी मारली. घरामागे गॅस इंजिन ठेवण्याचा आणखी एक प्रयत्न २००३ मध्ये झाला. होंडाच्या लहान इंजिनावर एक किलोवॉट वीज करायची आणि त्याच्या उष्णतेवर आंघोळीचं पाणी तापवायचं. इकोविल त्याचं नाव. तिथेही देखभाल गॅस कंपनीकडे होती म्हणून लोकांनी ते घेतलं. २०१७ ला त्याची विक्री थांबली, कारण त्याची जागा फिरता भाग नसलेल्या फ्युएल सेलनं घेतली.

२०११ च्या भूकंपानं आणि त्सुनामीनं जपानी माणसाची या यंत्राकडे बघायची नजर बदलली. वीज नव्हती आणि लोक शाळांच्या व्यायामशाळांत गारठत होते. इंजिनावरच्या हीट पंपाला पंखे आणि कंट्रोल यांपुरतीच थोडी वीज लागते, मोटरवरच्या यंत्राच्या दहाव्या हिश्शाएवढी. इंजिन फिरतच असतं, मग तेवढी वीज त्याच्याकडूनच का घेऊ नये? म्हणून बॅटरीवर सुरू होणारी आणि स्वतःची वीज स्वतः करणारी युनिटं निघाली. एलपीजीच्या टाक्या शेजारी ठेवल्या की नळाचा गॅस तुटला तरी व्यायामशाळेत ऊब राहते आणि काही दिवेही लागतात.

आज मला कुणी थंड देशात घर बांधताना सल्ला विचारला, तर मी विजेवरचाच हीट पंप सांगेन. नवी गॅस वीज केंद्रं शंभरातल्या पंचावन्न-साठ भागांची वीज करतात, वारा आणि ऊन यांच्या विजेला तर इंधनच लागत नाही, आणि इन्व्हर्टरवरचे कॉम्प्रेसर उणे तापमानातही नीट चालतात. एकशे चाळीसची ती जुनी बेरीज आता मागे पडली आहे. इंजिनाची जागा उरली आहे ती जिथे वीज अपुरी किंवा बेभरवशाची आहे, इमारत मोठी आहे आणि देखभालीला माणूस बांधलेला आहे तिथे.

म्हणूनच मला एका गोष्टीची घाई वाटते. हीट पंपाच्या इतिहासात झुरिकचं यंत्र असतं, नॉर्विचचं असतं. इंजिनावरची यंत्रं मात्र भंगारात जातात, आणि त्यांच्याबरोबर पत्र्याच्या आत चिकटवलेले ते नोंदींचे कागद, फिटरांच्या वह्या, लॉगबुकंही जातात. कुठलं ऑइल किती तास टिकलं, सील कुठल्या थंडीत गळलं, पट्टा कधी तुटला, हे कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं, ते तिथे असतं. माझ्याकडे आमच्या अमोनिया प्लँटची जुनी लॉगबुकं आहेत. तासातासाला लिहिलेले सक्शन, डिस्चार्ज, ऑइलचे दाब आणि कडेला शेरे: ‘सील बदलले. दोन तास पाहिले. थेंब बरोबर.’ ती मी पुण्यातल्या एका तंत्रनिकेतनाच्या ग्रंथालयाला द्यायचं ठरवलं आहे. साप्पोरोच्या त्या देखभालीच्या माणसालाही भाचीमार्फत निरोप धाडला आहे, की युनिट मोडीत काढाल तेव्हा आतला कागद फेकू नका, मला पाठवा. त्यानं होकार कळवला आहे.